निळीचा रांजण आणि मोटारीतला वाघ

महाडच्या आमच्या घरात पाऊल टाकलं की ते रंगाऱ्याचं घर आहे हे आधी नाकाला कळायचं, डोळ्यांना मागाहून. पडवीत वास, माजघरात त्याहून जास्त वास, आणि मागच्या खोलीत त्या वासाचं मूळ: जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला निळीचा रांजण. आलेला माणूस उंबऱ्यातूनच विचारायचा, काही नासलंय का हो? नासलेलं काही नसायचं. चांगल्या निळीला तसाच वास येतो; वास गेला तर काळजी करायची. लग्न होऊन आले तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी रांजणाशेजारी उदबत्ती लावली. सासूने ती विझवून माझ्या हातात परत दिली आणि देवापाशी लावायला सांगितली.

सासूला मी आत्या म्हणत असे. माहेर पोलादपूरच्या वरच्या डोंगरातलं, बोलणं तिथलंच, अंगाने काटकुळी, आणि मनगटापर्यंत कायमची निळी. सासरे मी येण्याआधीच वारले होते. त्यांच्यामागे रंगाचं सगळं काम आत्यांनी ओढलं. रंग सगळे झाडापाल्याचे. डोंगरातल्या बाया टोपल्या भरून हिरडा आणून टाकायच्या; त्याला गंजलेल्या लोखंडाचं पाणी दिलं की काळा. पळस फुलला की पिवळा. ऐनाच्या सालीचा तांबूस, तो खाडीवरचे कोळी जाळ्यांसाठी नेत. हे रंग मी वर्षाच्या आत शिकले. भात शिजवता येणाऱ्या बाईला त्यात अवघड काही नाही.

नीळ वेगळी. बाकीचे रंग शिजवायचे असतात, नीळ पाळायची असते. तिच्या वड्या देशावरून यायच्या. वडी वाटून रांजणात टाकायची, सोबत चुना आणि गूळ, आणि टाकळ्याचं बी उकडून त्याचं बुळबुळीत पाणी. टाकळा म्हणजे तोच, ज्याची पावसाळ्यात आपण भाजी करतो. मग झाकण ठेवून, भोवती पेंढा रचून ऊब धरायची. काही दिवसांनी रांजण जागा होतो. वर तांब्याच्या रंगाची साय धरते, मधोमध निळा फेस येतो, त्याला आम्ही फूल म्हणत असू, आणि खालचं पाणी मात्र पिवळट हिरवं. कापड बुडवून वर काढलं की तेही पिवळट हिरवं दिसतं, आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जातं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पिळा हातात धरून तशीच उभी राहिले. आत्यांनी ढोसल्यावर भानावर आले. त्या दिवसापासून मला त्या घरातून हलायचं नव्हतं. नवऱ्यासाठी नव्हे, रांजणासाठी. नवरा तर तिथे नव्हताच.

हे मुंबईला गिरणीत होते. काम काय, तर रंगखात्यात. रंगाऱ्याचा मुलगा रंगच करत होता, फक्त पुडीतले विलायती रंग, लोखंडी हौदात, वाफेच्या धगीत. खाणावळीत जेवायचं, पाचसहा जणांत एका खोलीत निजायचं. वर्षातून शिमग्याला आणि दिवाळीला घरी यायचे. माणूस वाईट नव्हता. उलट चांगलाच होता, म्हणून तर पंचाईत. त्या दिवाळीला आले ते आनंदात आले. चाळीत खोली मिळाली होती. म्हणाले, "शिमग्याला येईन तो तुम्हा दोघींना घेऊनच जाईन. आता किती दिवस ते घाण पाणी ढवळत बसायचं? पुडीचा रंग सगळीकडे झालाय. रांजण उपसून टाकू."

मी आत्यांकडे पाहिलं. वाटलं, आता या काहीतरी बोलतील. ज्या रांजणावर त्यांनी पोराला वाढवलं, त्याला पोराने घाण पाणी म्हटलं होतं. आत्या म्हणाल्या, "तू म्हणशील तसं, बाबा." आणि करंज्या तळायला उठल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जात्याच तापट. माहेरी मला फटाकडी म्हणत. पण सून नवऱ्यासमोर सासूला काय विचारणार? करंज्या लाटल्या, आणि त्या वर्षी त्या जरा जाडच झाल्या.

माघ संपत आला तेव्हा बाजारपेठेतले कापडवाले चाचा घरी आले. मुसलमान व्यापारी, पांढरी दाढी, बोलणं सावकाश. सासऱ्यांच्या वेळेपासून कोरं कापड आमच्याकडे देत आणि निळी लुगडी करून पोलादपूरच्या बाजारात विकत. डोंगरातल्या बाया तीच नेसायच्या. दोन वर्षं मात्र त्यांनी कापड दिलं नव्हतं. मुंबईचा तयार रंगीत माल आणत होते. पडवीत बसून ते आत्यांना म्हणाले, "काकी, बाजारात काही बाया जुनी नीळ मागतात, काहींना मुंबईची चमक पाहिजे. मला दोन्ही बाजूंनी ओढाताण. म्हणून एकदा निकाल लावतो. शिमग्याआधीच्या बाजारात तुमचा गठ्ठा आणि मुंबईचा गठ्ठा शेजारी शेजारी मांडतो. जो आधी उठेल त्याचा माल यापुढे घेईन."

आत्या म्हणाल्या, "आम्ही शिमग्यानंतर मुंबैला चाललोय, चाचा. लेक नेतोय."

मी दाराआड उभी होते. तिथेच उभं राहायला हवं होतं हे मला माहीत होतं. पण पाय बाहेर आले आणि तोंड त्यांच्याही पुढे गेलं. "द्या कापड. आम्ही रंगवतो," मी म्हटलं.

चाचांनी जमिनीकडे पाहिलं, दाढीवरून हात फिरवला, आणि माणूस पाठवून तागे आणवले. ते गेल्यावर आत्यांनी मला समोर उभं केलं.

"मी म्हातारी झाली, मेली नाय अजून. दारात आलेल्या माणसाशी बोलायला मी हाय ना?"

"तुम्ही बोलत नव्हता, म्हणून मी बोलले. दिवाळीलाही नाही बोललात."

ते त्यांना लागलं. मग म्हणाल्या, "शब्द दिलायस तर आता रंगव. गठ्ठा आधी उठला तर बघू. नाय उठला तर शिमगा झाल्यावर गपगुमान लाँचीत बसायचं आणि तोंडातनं अक्षर काढायचं नाय." तेव्हा मुंबईला खाडीतून लाँचीने जावं लागे. मी म्हटलं, कबूल. त्यानंतर आमचा अबोला सुरू झाला.

अबोला धरून एका घरात राहता येतं, पण अबोला धरून नीळ पाळणं म्हणजे काय ते मला विचारा. रांजण तर लावायलाच हवा होता. मग आमचं बोलणं मांजराच्या मार्फत चालू झालं. आत्या मनीला म्हणायच्या, "पेंढा कमी पडलाय गो मने." मी मनीला म्हणायचे, "आणलाय गं मने, अंगणात ठेवलाय." मनी दोघींकडे आळीपाळीने बघायची आणि शेवटी उठून निघून जायची. तरीही वडी वाटून झाली, टाकळा उकडला गेला, रांजण भरला, आणि एके सकाळी झाकण काढलं तर तांब्याची साय आणि मधोमध फूल. अबोला नसता तर मी त्यांच्या गळ्यात पडले असते.

मग चुन्याची गोष्ट झाली. निळीला मधूनमधून चुना द्यावा लागतो, नाहीतर ती आंबट होत जाते. त्या संध्याकाळी वासात किंचित आंबूसपणा होता. आत्यांनी तो दिवेलागणीच्या आधी हुंगला, चुना घातला, ढवळून झाकण ठेवलं आणि नदीवर गेल्या. मी दिवा लावून मागच्या खोलीत गेले, मीही हुंगलं, मला वाटलं म्हातारीच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मी चुना घातला, ढवळला, झाकण ठेवलं. पेंढ्याचं मांजराला सांगितलं जात होतं, चुन्याचं कोणी सांगितलं नाही. दुसरीची चूक आपण झाकली म्हणून दोघी मनात खूश. या प्रकरणातली अर्धी चूक माझी आणि अर्धी त्यांची, आणि माझ्या अर्ध्याहून तसूभरही जास्त मी आजवर घेतलेली नाही.

सकाळी उठले तर घराला वासच नव्हता. मी धावत मागे गेले. आत्या आधीच रांजणापाशी बसल्या होत्या. साय नाही, फूल नाही, पाणी मेल्यासारखं काळंनिळं. एक चिंधी बुडवून काढली तर वाऱ्यावर राखेसारखी दिसायला लागली. आत्यांनी बोटाने थेंब जिभेवर घेतला, थुंकल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला उद्देशून बोलल्या.

"नीळ नासली."

दोघींना एकच दिसत होतं. माजघरात चाचांचे पांढरे तागे भिंतीला लावून ठेवलेले, पोलादपूरचा बाजार तोंडावर, आणि नव्या वड्या आणून नवा रांजण लावायला वेळ नव्हता. मला रडू फुटलं. मी रागाने रडते, दुःखाने फारसं नाही, आणि राग कोणावर हे त्या वेळी ठरत नव्हतं.

"रडून नीळ सुधारत नाय," आत्या म्हणाल्या. "खोटं बोलून सुधारते. तुझे मामंजी गेल्यापासनं मी केलं नाय ते, आता मला जमायचंबी नाय. तुला जमंल."

मला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. पण ही रंगाऱ्यांची जुनी रीत. निळीचा रांजण नासला की रंगारी गावात एक थाप सोडून देतो. ती थाप फिरत फिरत दुसऱ्याच्या तोंडून खरी बातमी म्हणून आपल्याच दारात परत आली की रांजण जागा होतो. थापेलाही नेम आहेत. आत्यांनी ते मला पढवले: "कुणाच्या मरणाचं बोलायचं नाय. कुणाच्या लेकीबाळीचं नाय. आणि आपल्या पोटाच्या फायद्याचं तर मुळीच नाय, तसलं निळीला चालत नाय." तिसऱ्या नेमाने माझी निराशा झाली, कारण पुडीच्या रंगाने मुंबईत एका नवरीचं अंग कायमचं जांभळं झालं, ही थाप माझ्या जिभेवर आयती तयार होती. ती गिळून मी पदर खोचला आणि बाहेर पडले.

थापा मारण्यात माझा हात लहानपणापासून कोणी धरला नसता. पण थाप मारणं एक आणि ती चालती करणं दुसरं. त्यासाठी मी कासारणीकडे गेले. ती बांगड्यांची गाठोडी घेऊन महाडपासून पोलादपूरपर्यंत गावोगाव हिंडायची आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. हातात बांगड्या भरून घेता घेता मी म्हटलं, "तुम्ही त्या बाजूला जाऊ नका हो सध्या. कशेडीच्या घाटातलं ऐकलं ना?"

"काय गो? नाय ऐकलं."

"सर्व्हिस मोटार तापली म्हणून ड्रायव्हर पाण्याला उतरला. उतारू पाय मोकळे करायला खाली. परत येऊन बघतात तर मागच्या बाकावर वाघ बसलेला. सगळे झाडावर चढले. ड्रायव्हर घाबरून तसाच आपल्या जागेवर बसला आणि मोटार सुरू केली. वाघ शहाण्यासारखा बसून पोलादपूरपर्यंत आला आणि उतरून चालता झाला."

कासारणीने माझ्या मनगटावर बांगडी अर्ध्यावर सोडून दिली. "कुणाला काय केलं नाय त्यानं?"

"कोणाला नाही. खिडकीतून बाहेर बघत होता म्हणतात."

तिने उरलेल्या बांगड्या घाईघाईने चढवल्या. मी घरी पोचायच्या आत तिचं गाठोडं रस्त्याला लागलेलं मी स्वतः पाहिलं.

घरी येऊन मी आत्यांना थाप ऐकवली. खिडकीतून बघणाऱ्या वाघापाशी आल्यावर त्या हसायला लागल्या. मी त्या घरात आल्यापासून त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, तोंडाला पदर लावून भिंतीला टेकल्या. मग मलाही हसू आलं. हसण्याचा भर ओसरल्यावर त्या सहज म्हणाल्या, "तरी मी त्या सांजेला चुना दिला होता गो. बरोबर दिला होता."

"कोणत्या संध्याकाळी?"

"दिवा लावायच्या आधी."

"मी लावल्यावर दिला," मी म्हटलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मनी मधे बसली होती, तिने दोघींकडे पाहिलं. आता काय झालंय ते कळलं, म्हणजे काय करायचं तेही कळलं. चुना जास्त झालेल्या निळीला गोडाची आणि उबेची गरज असते. आम्ही टाकळ्याचं बी नव्याने उकडलं, गूळ विरघळवला, दोन्ही रांजणात सोडलं, पेंढा बदलून दाट रचला. त्यानंतर वाट बघण्याशिवाय हातात काही नव्हतं. मी म्हटलं, "आता थापेचं काय राहिलं? कारण तर सापडलं." आत्या म्हणाल्या, "गूळ त्याचं करील, थाप तिचं करील. सोडलेली थाप दारात यायलाच पायजे. मधे थांबली तर ती वाईट." त्यानंतर आमच्यात अबोला पुन्हा कधी राहिला नाही. भांडणं झाली, पुष्कळ झाली, पण ती तोंडाने.

वाघ मात्र परत येईना. बाजारात मी कान टवकारून हिंडले. लोक वांग्यांचं बोलत, शिमग्याच्या सोंगांचं बोलत, वाघाचं कोणी बोलेना. सकाळ झाली की आम्ही झाकण काढायचो आणि परत ठेवायचो. पाण्याचा मेलेला रंग जरा निवळल्यासारखा वाटायचा, पण फूल नाही. मुंबईची चाळ मला दिसायला लागली. खोली कशी असेल, नळ कुठे असेल, आणि मी दिवसभर काय करीन. त्या खोलीत ढवळण्यासारखं काही नव्हतं. खरं सांगते, मी नवसही बोलले होते.

बाजार दोन दिवसांवर आला तेव्हा हे मुंबईहून आले, ठरल्यापेक्षा लवकर. आम्हाला न्यायचं म्हणून जास्तीची रजा काढून आले होते. पडवीत ट्रंक ठेवली, पाय धुतले, पाणी प्यायले, आणि आईला म्हणाले, "आये, तुमच्याकडे हे काय चाललंय? कशेडीला वाघाचं जोडपं मोटारीत चढलं म्हणे, पिल्लासकट."

आत्यांच्या हातातलं तांब्याचं भांडं खाली पडलं.

"लाँचीत सगळे तेच बोलत होते," हे सांगू लागले. "पिल्लाचं अर्धं तिकीट घ्यावं की नाही यावर क्लीनरचा वाद झाला. माझ्या शेजारच्या माणसाचा मेव्हणा तर स्वतः त्या मोटारीत होता. वाघ पोलादपूरला उतरून आंबेनळीच्या घाटाने वर गेले. उन्हाळा आला ना, महाबळेश्वरला निघाले असतील."

मी पराचा कावळा केला होता, लोकांनी त्याची सहकुटुंब सहल केली. मी मागच्या खोलीकडे पळाले. माझ्यामागे आत्या, आणि आमच्यामागे काही न कळलेले हे. झाकण काढण्याआधीच मला कळलं, कारण वास आला होता. तो ओळखीचा, कुबट, जिवंत वास. झाकण काढलं. साय धरली होती आणि मधोमध फूल. गुळाने केलं की वाघाने, हे मला विचारू नका. मी दोघांचेही उपकार मानते.

मग दीड दिवस आम्ही बसलोच नाही. कापड बुडवायचं, पिळायचं, वाऱ्यावर झाडायचं, निळं झालं की परत बुडवायचं. एका बुडीत आभाळाचा रंग येतो, बऱ्याच बुड्यांनी रात्रीचा. हे काही वेळ दारात उभे राहून बघत राहिले. मग सदरा काढून खुंटीला लावला आणि पिळ्याचं दुसरं टोक धरलं. "एवढं कापड दोघींनी पिळायचं म्हणजे खांदे जातील," एवढंच म्हणाले. पिळण्याचा हात लहानपणचा, विसरलेला नव्हता. सावित्री नदीवर नेऊन धुतलं तेव्हा पहिलं पाणी निळं गेलं, मग पाणी पाण्यासारखं वाहू लागलं.

बाजारच्या दिवशी पहाटे चाचांच्या बैलगाडीतून आम्ही तिघं पोलादपूरला निघालो. तिथे चाचांनी चादर पसरून दोन गठ्ठे सोडले. मुंबईचा माल पाहिला आणि ह्यांचा चेहरा उजळला. काठावरचा शिक्का दाखवून म्हणाले, "हा आमच्याच खात्याचा. हा हौद माझ्या हातचा असेल." म्हणजे चादरीच्या एका अंगाला मी आणि दुसऱ्या अंगाला माझा नवरा. त्यांचा रंग सुंदर होता, खोटं कशाला बोलू? मोराच्या मानेसारखा चमकत होता. त्याच्या शेजारी आमची नीळ म्हणजे घरातली थोरली जाऊबाई, गंभीर आणि गप्प.

बाया आल्या आणि त्या चमकीकडेच गेल्या. एकीने उचललं, दुसरीने उचललं. पोरी खांद्यावर टाकून एकमेकींना दाखवू लागल्या. आमच्या गठ्ठ्याला कोणी हात लावेना. हे माझ्याकडे बघत नव्हते, ही त्यांची मेहेरबानी.

मग कशेडीच्या अंगाच्या वाडीतली एक म्हातारी आली. तिने चमकत्या लुगड्याची घडी उचलून नाकाला लावली आणि खाली ठेवली. आमची उचलली, नाकाला लावली, आणि पुन्हा एकदा लावली. "ह्याला वास हाय गो," ती आपल्या सुनांना म्हणाली. मग तिने कापड अंगठ्याने घासलं. अंगठा निळा झाला. हे पटकन म्हणाले, "बघा आजी, रंग सुटतोय."

म्हातारी हसली. "अंगठ्याला लागतो तो निळीचा रं बाबा. पाण्यात पळतो तो पुडीचा. तेरड्याचा रंग तीन दिस. लावणीला चिखलात उभं राह्यचं तर हेच पायजे, ह्या वासाला साप-किरडू जवळ येत नाय." आणि तिने एक आपल्याला, दोन सुनांना, अशी लुगडी काखेत मारली.

तिच्यामागून सुना, सुनांमागून त्यांच्या वाडीच्या बाया, त्यांच्यामागून दुसऱ्या वाडीच्या. सगळ्या आधी नाकाला लावायच्या. ज्या वासापायी नवी नवरी म्हणून मी लाजत असे, त्या वासाला बाया रांग लावून हुंगत होत्या. चमकीचीही काही लुगडी गेली, पोरींनी नेली. पण ऊन डोक्यावर यायच्या आत आमच्या बाजूची चादर रिकामी झाली, आणि उशिरा आलेल्या एकीने रिकाम्या चादरीसाठी चाचांशी भांडण काढलं. ते भांडण मी कान भरून ऐकलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि लग्नात तर वाजंत्री होती.

चाचा आत्यांजवळ आले. "काकी, उद्याच गाडी पाठवतो, कोरं कापड घेऊन. पाठवू ना?"

आत्या गाडीकडे वळल्या. त्यांनी शिदोरी सोडली आणि आम्ही गाडीच्या सावलीत भाकऱ्या खायला बसलो. ह्यांनी चटणी वाढून घेतली. मनापासून खूश होते. स्वतःच्या हौदाच्या हरण्याचाही त्यांना राग आला नव्हता. म्हणाले, "झालं ते झकास झालं. शेवट गोड झाला. बाबांच्या रांजणाचं नाव राहिलं. आता आये, तू मन मोकळं करून चल. चाचांना तसं सांगून टाक."

माझा घास तोंडातच राहिला. गठ्ठा आधी उठला तर बघू, एवढंच आत्यांनी कबूल केलं होतं, आणि बघू म्हणजे काय हे म्हातारी माणसं कधी सांगत नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं. दिवाळीला पाहिलं होतं तसंच.

आत्या सावकाश पाणी प्यायल्या. निळ्या हाताने तोंड पुसलं.

"मला काय सांगतोस रे?" त्या लेकाला म्हणाल्या. "रांजण माझा नाय आता. मी हिला दिलाय. यायचं का ऱ्हायचं, ते हिला इचार."

हे माझ्याकडे वळले. चाचा बैलांकडे बघू लागले. माझ्या जन्मापासून माझं नाव, घर, नवरा, सगळं दुसऱ्यांनी ठरवलं होतं आणि मला नंतर कळवलं होतं. आता माझा नवरा हातातली भाकरी तशीच धरून बसला होता, आणि त्याने विचारलं, "तू येतेस का?"

"नाही," मी म्हटलं, आणि पुढचा घास मोडला.